विश्लेषण : दोन हजार यार्डांचा नायक वर्षभरात ‘संपतो’ का? एनएफएलमधील ‘रनिंग बॅक’ची उतरण कशी ओळखायची?

अमेरिकेतील नॅशनल फुटबॉल लीग अर्थात एनएफएलच्या २०२४च्या मोसमात फिलाडेल्फिया ईगल्सच्या सेक्वॉन बार्कलीने चेंडू घेऊन पळत तब्बल २,००५ यार्ड अंतर कापले. लीगच्या इतिहासात अशी मजल मारणारा तो केवळ नववा खेळाडू. त्या मोसमाचा सुपर बोलही ईगल्सनेच जिंकला. २०२५च्या मोसमात मात्र बार्कली १,१४० यार्डांवरच थांबला आणि वयाच्या २८व्या वर्षी तो उतरणीला लागला का, अशी चर्चा सुरू झाली. त्याच मोसमात बाल्टिमोर रेव्हन्सच्या ३१ वर्षांच्या डेरिक हेन्रीने दीड हजारांहून अधिक यार्डांची कमाई केली. मग उतरण ठरवायची कशावरून? वयावरून, आकड्यांवरून की आणखी कशावरून? हा प्रश्न केवळ चाहत्यांच्या वादाचा नाही. कोट्यवधी डॉलरचे करार आणि खेळाडूंचे भवितव्य त्याच्या उत्तरावर ठरते.

रनिंग बॅक नेमके काय करतो?

अमेरिकी फुटबॉलमध्ये आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकायचे असते. त्यासाठी चेंडू हवेतून फेकता येतो किंवा हातात घेऊन पळता येते. पळण्याची मुख्य जबाबदारी रनिंग बॅकची. कबड्डीतील चढाईपटू जसा प्रतिस्पर्ध्यांच्या घोळक्यात शिरतो, तसा हा ११ जणांच्या बचावात घुसतो. फरक इतकाच की, त्याच्यापुढे वाट मोकळी करून देण्यासाठी पाच धिप्पाड खेळाडूंची फळी असते. तिला ‘ऑफेन्सिव्ह लाइन’ म्हणतात.

चेंडू घेऊन पळण्याच्या प्रत्येक प्रयत्नाला ‘कॅरी’ म्हणतात आणि बहुतेक कॅरींचा शेवट धडकेने होतो. शंभर किलोंहून अधिक वजनाचे खेळाडू अंगावर येतात आणि रनिंग बॅकला जमिनीवर पाडतात. मोसमात ३०० कॅरी म्हणजे जवळपास तितक्याच धडका. गुडघा, घोटा, पाऊल यांवर हा भार साचत जातो. मैदानावरील इतर अनेक जागांच्या तुलनेत रनिंग बॅकची कारकीर्द छोटी असण्याचे हे मुख्य कारण.

तिशी हीच मर्यादा का मानली जाते?

२६-२७ वर्षांपर्यंत भरभराट, २८व्या वर्षापासून घसरण आणि तिशीत अखेर, असा ढोबळ आडाखा संघांचे व्यवस्थापक आणि चाहते वर्षानुवर्षे बाळगून आहेत. त्याला आधार देणारी उदाहरणे भरपूर आहेत. सिएटल सीहॉक्सच्या शॉन अलेक्झांडरने २००५मध्ये १,८८० यार्ड आणि २८ टचडाउनची कमाई करून ‘मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर’ पुरस्कार पटकावला. संघाने त्याला आठ वर्षांचा, ६ कोटी २० लाख डॉलरचा करार दिला. पुढच्या मोसमात पाय मोडला, यार्ड ८९६वर आले, त्यानंतर ७१६वर. करार होऊन जेमतेम दोन वर्षे झाली असताना, २००८मध्ये, सीहॉक्सने त्याला सोडून दिले.

पण अपवादही ठळक आहेत. एड्रियन पीटरसनने २०१५मध्ये वयाच्या तिशीत १,४८५ यार्डांसह लीगमध्ये अव्वल स्थान मिळवले. महाविद्यालयात असताना दोन्ही गुडघ्यांचे अस्थिबंध तुटलेला फ्रँक गोर ३३व्या वर्षीही हजार यार्डांपुढे गेला. जॉन रिगिन्सने १९८३मध्ये ३४व्या वर्षी २४ टचडाउन केले.

या दोन्ही प्रकारच्या उदाहरणांत एक सापळा आहे. ३१व्या वर्षी खेळताना दिसतात ते मुळातच टिकलेले खेळाडू असतात. जे २७व्या वर्षीच बाहेर फेकले गेले, ते त्या वयोगटाच्या सरासरीत येतच नाहीत. त्यामुळे वयानुसार काढलेली सरासरी प्रत्यक्षापेक्षा सौम्य उतार दाखवते. उलट बाजूने, केवळ सरासरीवर विसंबून एखाद्या विशिष्ट खेळाडूचे भाकीत केले, तर हेन्रीसारखा खेळाडू हातचा जातो. जुनी गाडी घेताना आपण फक्त मॉडेलचे वर्ष पाहत नाही. ती किती किलोमीटर धावली, कोणत्या रस्त्यांवर धावली, हेही पाहतो. इथेही तेच लागू आहे.

दोन हजार यार्डांनंतरच्या वर्षी काय होते?

आजवर नऊ जणांनी एका मोसमात दोन हजार यार्ड ओलांडले. त्यांच्या लगतच्या पुढील मोसमाचे आकडे असे :

ओ. जे. सिम्पसन : १९७३मध्ये २,००३; पुढील वर्षी १,१२५
एरिक डिकरसन : १९८४मध्ये २,१०५, पुढील वर्षी १,२३४
बॅरी सँडर्स : १९९७मध्ये २,०५३, पुढील वर्षी १,४९१
टेरेल डेव्हिस : १९९८मध्ये २,००८, पुढील वर्षी २११
जमाल लुईस : २००३मध्ये २,०६६, पुढील वर्षी १,००६
ख्रिस जॉन्सन : २००९मध्ये २,००६, पुढील वर्षी १,३६४
एड्रियन पीटरसन : २०१२मध्ये २,०९७, पुढील वर्षी १,२६६
डेरिक हेन्री : २०२०मध्ये २,०२७, पुढील वर्षी ९३७
सेक्वॉन बार्कली : २०२४मध्ये २,००५, पुढील वर्षी १,१४०

नऊपैकी नऊ जण घसरले. डेव्हिस गुडघ्याच्या दुखापतीमुळे चारच सामने खेळला, तर पायाच्या दुखापतीमुळे हेन्रीला आठच सामने खेळता आले. पण जे जवळपास पूर्ण मोसम खेळले, तेही घसरलेच. हा शाप आहे का? संख्याशास्त्रात याला ‘सरासरीकडे परतणे’ म्हणतात. दोन हजार यार्ड होण्यासाठी कौशल्याबरोबर तंदुरुस्ती, भक्कम फळी, अनुकूल वेळापत्रक आणि थोडे नशीब असे सगळे एकाच वर्षी जुळून यावे लागते. पुढच्या वर्षी ते सारे पुन्हा जुळण्याची शक्यता कमीच. म्हणजे खेळाडू जसाच्या तसा राहिला तरी आकडा खाली येणारच.

खरी गोष्ट त्यानंतरच्या वर्षांत दिसते. सिम्पसन १९७५मध्ये पुन्हा १,८१७ यार्डांवर गेला. डिकरसनने १९८६मध्ये १,८२१ यार्ड काढले. हेन्री २०२२मध्ये १,५३८ आणि २०२४मध्ये १,९२१वर पोहोचला. डेव्हिस मात्र पूर्वीच्या उंचीवर कधीच परतला नाही. घसरण सर्वांची झाली, उतरण मात्र सर्वांची नव्हती. एका वर्षाच्या आकड्यावरून या दोन गटांतील फरक सांगता येत नाही.

‘३७० कॅरी’च्या शापात तथ्य किती?

एका मोसमात ३७० किंवा अधिक कॅरी करणारा रनिंग बॅक पुढील वर्षी कोसळतो, हा सिद्धांत ‘फुटबॉल आउटसायडर्स’ या विश्लेषण संकेतस्थळामुळे लोकप्रिय झाला. कॅन्सस सिटी चीफ्सच्या लॅरी जॉन्सनने २००६मध्ये ४१६ कॅरी केल्या. तो आजही विक्रम आहे. पुढच्या मोसमात तो आठ सामन्यांत ५५९ यार्ड काढून जायबंदी झाला. अटलांटा फाल्कन्सच्या जमाल अँडरसनने १९९८मध्ये ४१० कॅरी केल्या आणि पुढच्या मोसमातील दुसऱ्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला.

पण याच निकषावर डिकरसनला पाहा. १९८३, १९८४, १९८६ आणि १९८८ अशा चार मोसमांत त्याने ३७०ची रेषा ओलांडली. १९८८मध्ये तर सर्वाधिक यार्डही त्याचेच होते. लाडेनियन टॉमलिन्सनने २००२मध्ये ३७२ कॅरी केल्या आणि पुढच्याच वर्षी प्रतिकॅरी ५.३ यार्ड अशी सरस कामगिरी केली.

या सिद्धांतावर टीकाकारांचे दोन आक्षेप आहेत. एक, ३६० नाही, ३८० नाही, ३७०च का? निष्कर्ष पाहून रेषा आखली, तर ती हवे ते दाखवते. दोन, ३७० कॅरी मिळतात त्या मुळात त्या वर्षी उत्तम खेळणाऱ्या आणि तंदुरुस्त राहिलेल्या खेळाडूलाच. म्हणजे इथेही पुन्हा सरासरीकडे परतणे आलेच. प्रचंड भाराचा शरीरावर परिणाम होत नाही, असा याचा अर्थ नाही. तो एका ठरावीक आकड्यावर अचानक सुरू होत नाही, इतकेच.

‘यार्ड प्रतिकॅरी’ हा आकडा का फसवतो?

उतरण मोजण्यासाठी सर्वाधिक वापरला जाणारा आकडा म्हणजे प्रतिकॅरी सरासरी यार्ड. दुर्दैवाने तो फार डळमळीत आहे. समजा, एखाद्याने ३०० कॅरींमध्ये १,५०० यार्ड काढले. सरासरी ५. त्यात ७० यार्डांच्या तीन लांब धावा होत्या. त्या तिन्ही वेळी बचावपटूने त्याला १० यार्डांवरच पाडले असते, तर एकूण यार्ड १,३२० आणि सरासरी ४.४ झाली असती. तीनशेपैकी तीन प्रसंगांनी ‘अव्वल’ आणि ‘साधारण’ यांतील अंतर मिटवले.

दुसरी अडचण अशी की, हा आकडा एकट्या खेळाडूचा नसतोच. बार्कलीचेच पाहा. न्यूयॉर्क जायंट्सकडून पहिल्या वर्षी, २०१८मध्ये, त्याची सरासरी ५ होती. २०२०मध्ये गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. २०२१मध्ये सरासरी ३.७, २०२२मध्ये ४.४, २०२३मध्ये ३.९. या आकड्यांकडे पाहून २६ वर्षांचा बार्कली उतरणीला लागला, असे कुणी म्हटले असते तर ते पटण्यासारखे होते. मग तो ईगल्समध्ये गेला. तेथील फळी लीगमधील सर्वोत्तमांपैकी एक. सरासरी थेट ५.८ झाली. २०२५मध्ये ती ४.१वर आली. ३.९, ५.८, ४.१ : दोन वर्षांत एका माणसाचे पाय इतके चांगले आणि पुन्हा इतके वाईट होत नाहीत. बदलते ती भोवतालची परिस्थिती.

हेन्रीचेही तेच. २०२३मध्ये कमकुवत टेनेसी टायटन्सकडून त्याची सरासरी ४.२ होती. वय ३० झाले होते. रेव्हन्सने त्याला दोन वर्षांसाठी १ कोटी ६० लाख डॉलरमध्ये घेतले. तिथे चपळ क्वार्टरबॅक लमार जॅक्सनवर लक्ष ठेवण्यात बचावपटू गुंतले आणि हेन्रीची सरासरी ५.९ झाली.

टचडाउनचे आकडे तरी खरे बोलतात का?

ते तर अधिक फसवतात. टॉमलिन्सनने २००६मध्ये एकूण ३१ टचडाउनचा विक्रम केला. त्यानंतर त्याची प्रतिकॅरी सरासरी २००६मध्ये ५.२, २००७मध्ये ४.७, २००८मध्ये ३.८ आणि २००९मध्ये ३.३ अशी पायरी-पायरीने उतरत गेली. तरीही २००९मध्ये त्याच्या नावावर १२ टचडाउन होते. गोलरेषेपासून एक-दोन यार्डांवर चेंडू आला की, प्रशिक्षक अनुभवी खेळाडूच्या हाती तो देतात आणि खात्यावर टचडाउन जमा होते. मोसम संपताच सॅन डिएगो चार्जर्सने त्याला मुक्त केले. टचडाउन पाहणाऱ्या चाहत्यांना त्याचा धक्का बसला असेल. पायऱ्या पाहणाऱ्यांना तो बसायला नको होता.

मग भरवशाच्या खुणा कोणत्या?

पहिली खूण, त्याच संघातील दुसरा रनिंग बॅक. फळी तीच, प्रशिक्षक तोच, प्रतिस्पर्धी तेच, म्हणून ही तुलना प्रयोगशाळेतल्या प्रयोगाच्या सर्वात जवळ जाते. डॅलस काउबॉइजच्या एझेकिएल एलियटची २०२२मधील सरासरी ३.८ होती आणि टचडाउन १२. त्याच संघाच्या टोनी पोलार्डने १९३ कॅरींमध्ये ५.२च्या सरासरीने १,००७ यार्ड काढले. अवघड, कमी अंतराच्या कॅरी एलियटच्या वाट्याला अधिक येत, हे मान्य करूनही फरक मोठा होता. २०२३च्या मार्चमध्ये काउबॉइजने २७ वर्षांच्या एलियटला सोडले.

दुसरी खूण, धडकेनंतर काढलेले यार्ड आणि चुकवलेले बचावपटू. पहिल्या धडकेपर्यंतचे अंतर बऱ्याच अंशी फळीची देणगी असते, त्यापुढचे मुख्यतः खेळाडूचे स्वतःचे.

तिसरी खूण तंत्रज्ञानातून आली आहे. एनएफएलमध्ये खेळाडूंच्या खांद्यावरील पॅडमध्ये छोट्या चिप असतात आणि सेकंदाला १० वेळा त्यांच्या जागेची नोंद होते. चेंडू हाती आला त्या क्षणी सर्व २२ खेळाडू कुठे होते आणि कोणत्या वेगाने सरकत होते, यावरून त्या कॅरीत किती यार्ड अपेक्षित होते याचा अंदाज संगणक बांधतो. असे प्रारूप तयार करण्याची खुली स्पर्धाच लीगने २०१९च्या अखेरीस घेतली होती आणि ऑस्ट्रियातील दोघा डेटा सायंटिस्टनी ती जिंकली. प्रत्यक्ष यार्डांमधून हे अपेक्षित यार्ड वजा केले की, खेळाडूची स्वतःची भर उरते. हा आकडा आणि सर्वोच्च वेग दोन-तीन वर्षे सलग खाली येत असतील, तर इशारा गंभीर मानावा.

चौथी खूण सर्वात बोलकी : संघ त्याचा वापर कसा करतो? लॉस एंजेलिस रॅम्सच्या टॉड गर्लीने २०१८मध्ये १,२५१ यार्ड आणि चेंडू घेऊन पळत १७ टचडाउन केले. वय अवघे २४. कागदावर सारे झकास होते. पण मोसमाच्या शेवटी गुडघा दुखावला आणि रॅम्सने डिसेंबरमध्ये संघात घेतलेल्या सी. जे. अँडरसनवर भिस्त ठेवली. सुपर बोलच्या आधीच्या सामन्यात गर्लीला केवळ चार कॅरी मिळाल्या. पुढच्या वर्षी सरासरी ३.८वर आली, २०२०च्या मार्चमध्ये रॅम्सने त्याला सोडले आणि त्याच वर्षी फाल्कन्सकडून तो अखेरचा मोसम खेळला. यार्डांच्या तक्त्यात जे दिसत नव्हते, ते कॅरींच्या वाटपात आधीच दिसले होते.

खेळाडूंचे नुकसान कुठे होते?

शाळा संपल्यानंतर तीन वर्षे झाल्याशिवाय एनएफएलमध्ये येता येत नाही. त्यामुळे खेळाडू साधारण २१-२२व्या वर्षी दाखल होतो. पहिला करार चार वर्षांचा आणि त्याची रक्कम बहुतांशी निवड क्रमांकावरून ठरलेली. पहिल्या फेरीत निवडलेल्यांसाठी संघाला पाचव्या वर्षाचाही पर्याय असतो. त्यानंतर ‘फ्रँचाइझ टॅग’ लावून संघ आणखी एक वर्ष त्याला रोखू शकतो. इतके झाल्यावर खुल्या बाजारात येईपर्यंत रनिंग बॅक २६-२७ वर्षांचा होतो. नेमक्या त्याच वेळी संघ म्हणतात, ‘आता तुझी उतरण सुरू होणार.’

हा संताप २०२३च्या उन्हाळ्यात उघड झाला. बार्कली, जॉश जेकब्स आणि पोलार्ड यांना सुमारे १ कोटी १ लाख डॉलरचा टॅग लागला आणि मुदत संपेपर्यंत तिघांपैकी कुणालाही दीर्घ करार मिळाला नाही. जेकब्स तर २०२२मध्ये सर्वाधिक यार्ड काढणारा खेळाडू होता. त्यानंतर अनेक आघाडीच्या रनिंग बॅकनी एकत्र ऑनलाइन बैठक घेतली. हाती फारसे काही लागले नाही.

संघांची बाजूही निराधार नाही. गर्लीचा चार वर्षांचा ५ कोटी ७५ लाख डॉलरचा आणि एलियटचा सहा वर्षांचा ९ कोटी डॉलरचा वाढीव करार, दोन्ही संघांना महाग पडले. चीफ्सने २०२२मध्ये सातव्या फेरीत निवडलेल्या आयझाया पचेकोला घेऊन त्याच मोसमात सुपर बोल जिंकला. स्वस्तात काम होत असेल, तर सॅलरी कॅपच्या मर्यादेत खेळणारा संघ जास्त पैसे का मोजेल?

पण सरसकट सरासरीने भाव ठरवण्याची किंमतही संघच मोजतात. जायंट्सने ज्याला जाऊ दिले, तो बार्कली प्रतिस्पर्धी ईगल्समध्ये जाऊन विजेता झाला आणि २०२५च्या मार्चमध्ये वर्षाला दोन कोटी डॉलरहून अधिक मिळवणारा पहिला रनिंग बॅक ठरला.

बार्कलीबाबत मग निष्कर्ष काय?

वरच्या खुणा लावल्या, तर चित्र संमिश्र आहे. २०२४मध्ये बाद फेरीसह त्याने ४३६ कॅरी केल्या. हा भार नक्कीच मोठा. दुसरीकडे, २०२५मध्ये ईगल्सचे आक्रमण आखणारा केलन मूर न्यू ऑर्लिन्स सेंट्सचा मुख्य प्रशिक्षक होऊन गेला होता आणि फळीचा आधारस्तंभ लेन जॉन्सन पायाच्या दुखापतीमुळे मोसमाच्या उत्तरार्धात बाहेर बसला. दोन हजार यार्डांनंतरची घसरण तर आधीच्या आठही जणांची झाली होती. त्यामुळे २०२५चा एक आकडा हाती घेऊन ‘संपला’ म्हणणे घाईचे, तसेच ‘२०२४ पुन्हा येईल’ म्हणणेही भाबडेपणाचे.

२०२६च्या मोसमात पाहायचे ते यार्डांच्या बेरजेकडे नाही. फळी तंदुरुस्त असताना धडकेनंतर तो किती पुढे जातो, त्याच फळीमागे त्याचा सहकारी अधिक कमाई करतो का आणि निर्णायक क्षणी प्रशिक्षक चेंडू कुणाच्या हाती देतात, या तीन गोष्टींतून उत्तर मिळेल.

लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातील सध्याचा सामूहिक करार २०३०च्या मोसमापर्यंत लागू आहे. पहिल्या कराराची आणि टॅगची चौकट तोवर बदलण्याची चिन्हे नाहीत. म्हणजे आज महाविद्यालयात पळणाऱ्या पिढीलाही उमेदीची वर्षे ठरलेल्या दरातच द्यावी लागतील आणि मोठ्या कराराची वेळ येईल तेव्हा वयाचा दाखला पुढे केला जाईल. अशा वेळी ‘उतरणीला लागला’ हा शिक्का किती नेमकेपणाने मारला जातो, यावर एखाद्याच्या आयुष्यभराची कमाई ठरू शकते.